संत्रा-कोन्याक लिक्युअर पहिल्यांदा चाखताय? नागपूरकरांसाठी पायरी-पायरीने

सहा वर्षांपूर्वीच्या दिवाळीत शारजाहून आलेल्या मावसभावाने माझ्या हातात एक बाटली ठेवली. खाली फुगीर, वर निमुळती, गळ्याला लाल फीत आणि फितीवर लाखेसारखा शिक्का. त्या रात्री घरी सावजी मटणाचा बेत होता. जेवण झाल्यावर आम्ही चौघांनी ती बाटली उघडली, स्टीलच्या पेल्यांत ओतली, वर बर्फ आणि सोडा घातला आणि व्हिस्कीसारखी संपवायला घेतली. कोणालाच आवडली नाही. एक जण म्हणाला, खोकल्याचं औषध आहे. उरलेली बाटली स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या फळीवर गेली आणि दोन उन्हाळे तिथेच राहिली.

मग एका डिसेंबरात काटोलला मामाच्या बागेत गेलो होतो. बांधावर बसून संत्रं सोलत होतो आणि साली बाजूला टाकत होतो. मामा म्हणाला, "काहून फेकतं रे साल? वास तर सालीतच रायते." त्याने एक साल उचलली, माझ्या नाकापुढे धरून मुडपली आणि बारीक तुषार चेहऱ्यावर उडाले. लहानपणी दिवाळीच्या पणतीवर साल पिळून आम्ही ठिणग्या उडवायचो, तोच वास. त्या वासाने मला ती फळीवरची बाटली आठवली.

ती बाटली दोन उन्हाळ्यांनी खराब केली होती. पण पुढे मी दुसरी घेतली, वाचलं, विचारलं, चुकत चुकत शिकलो. लिक्युअर म्हणजे साखर घालून गोड केलेलं सुवासिक मद्य. या पेयात संत्र्याचा रस नसतो, सालीतलं तेल असतं. चाखण्याची सगळी रीत या एका गोष्टीवर उभी आहे, आणि सालीचा वास ओळखायला नागपूरकराला वेगळं नाक आणावं लागत नाही. मी घालवली तशी तुमची महागाची पहिली बाटली वाया जाऊ नये, म्हणून हे लिहितो आहे.

आधी हे जमवून ठेवा

कागदपत्रं: वयाचा पुरावा (आधार किंवा वाहन परवाना), मद्यसेवन परवाना, खरेदीचं बिल.

सामान: तोंडाकडे निमुळता होणारा छोटा काचेचा ग्लास, ३० मिलीचं माप, साधं पाणी, चहाचा चमचा, दोन ताजी नागपुरी संत्री, एक मोसंबी, दालचिनीचा तुकडा, थोडे अक्रोड.

वेळ: किमान पाऊण तास, घाईशिवाय.

१. हे नेमकं काय आहे ते समजून घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात. गाळू नका, कारण पुढे जिभेवर काय शोधायचं ते इथेच ठरतं.

कोन्याक म्हणजे फ्रान्सच्या पश्चिमेला, शारांत नदीच्या परिसरात बनणारी द्राक्षांची ब्रँडी. तिथल्या ठरलेल्या भागात आणि ठरलेल्या पद्धतीने बनली तरच तिला ते नाव लावता येतं. द्राक्ष मुख्यतः उनी ब्लां जातीचं. त्याची वाइन आंबट आणि हलकी असते, नुसती प्यायला फारशी कोणी घेणार नाही अशी. ती तांब्याच्या भट्टीत दोनदा गाळतात. साधारण नऊ लिटर वाइनमधून एक लिटर कच्चं कोन्याक मिळतं. ते ओकच्या लाकडी पिंपात किमान दोन वर्षं मुरतं. रंग, व्हॅनिलासारखा वास आणि सुक्या जर्दाळूची आठवण देणारी चव या मुरण्यातून येते. मुरताना दरवर्षी थोडं उडून जातं. त्याला तिथले लोक देवदूतांचा वाटा म्हणतात.

आता संत्रं. माझ्या मावसभावाने आणली ती बाटली या प्रकारातली सर्वांत प्रसिद्ध: ग्राँ मार्निये. (दुकानात असा उच्चार केलात तर समोरचा गोंधळेल. 'ग्रँड मार्निअर' म्हणा.) झां-बाप्तिस्त लापोस्तोल याने १८२७ मध्ये पॅरिसजवळ एक भट्टी सुरू केली होती. त्याचा नातजावई लुई-अलेक्झांद्र मार्निये-लापोस्तोल याने १८८० मध्ये कोन्याक आणि कॅरिबियन बेटांवरच्या कडू संत्र्याची साल एकत्र आणली. आज तिच्या लाल फितीच्या बाटलीत, म्हणजे 'कॉर्दों रूज'मध्ये, ५१ टक्के कोन्याक आणि ४९ टक्के संत्र्याचं लिक्युअर असतं. अल्कोहोल ४० टक्के. बाटलीचा फुगीर आकार कोन्याक गाळायच्या तांब्याच्या भट्टीवरून घेतलेला आहे. २०१६ पासून हा ब्रँड इटलीच्या कांपारी कंपनीकडे आहे.

हे कडू संत्रं आपल्या संत्र्याहून वेगळं. आंबट-कडू, नुसतं खाता न येणारं, मार्मलेडमध्ये घालतात ते. तरी नातं जवळचं आहे. आपलं नागपुरी संत्रं मँडरिन कुळातलं, आणि कडू संत्रं हा मँडरिन आणि पपनस यांच्या संकरातून आलेला वंश. म्हणजे काटोल-नरखेडच्या झाडांच्या कुळाचं रक्त त्या कॅरिबियन सालीतही आहे. मला ही गोष्ट कळली तेव्हा फार बरं वाटलं होतं.

सालच का? संत्र्याचा वास सालीवरच्या बारीक ठिपक्यांत साठवलेला असतो. ते ठिपके म्हणजे तेलाच्या पिशव्या. त्या तेलात सर्वांत जास्त असतं लिमोनिन. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये चांगलं विरघळतं. म्हणून साल उन्हात वाळवतात, आतला पांढरा कडवट थर काढतात, रंगीत साल अल्कोहोलमध्ये भिजवतात आणि मग सावकाश गाळतात. पणतीवर ठिणग्या उडवणारंही तेच तेल.

इथे तीन गल्लती होतात.

पहिली: क्वांत्रो आणि हे एकच समजणं. क्वांत्रोही फ्रेंच, आंजे शहरातलं, १८७५ पासूनचं, संत्र्याच्या सालीचंच. पण त्यात कोन्याक नाही. ते पारदर्शक आणि चवीला टोकदार आहे. दोन्ही चांगली, काम वेगळं.

दुसरी: 'क्युरासाओ' लिहिलेली निळी बाटली. नाव कॅरिबियनमधल्या बेटाचं आहे आणि मूळ तिथल्या कडू संत्र्यात आहे, पण निळेपणा हा फक्त रंग. कोन्याकशी तिचा संबंध नाही.

तिसरी गल्लत पैशांची नाही, पण निराशेची आहे. मोठ्या किराणा दुकानांत 'ट्रिपल सेक' नावाची सिरपं मिळतात. त्यात अल्कोहोल नसतं. सरबताला उत्तम, या कामाला नाही.

२. परवाना आणि वय

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ आहे. कोन्याक लिक्युअर स्पिरिटमध्ये मोडतं, त्यासाठी २५. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि त्यानुसार मद्य विकत घ्यायला, जवळ बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा, एका वर्षाचा आणि आजीवन असे प्रकार आहेत. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. मी आजीवन परवाना काढला. काम एकदाच करावं लागतं आणि पुढची काळजी मिटते.

नागपूरकरांनी खास लक्षात ठेवायचं: वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. (चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती.) वर्धा आपल्यापासून जेमतेम ७५ किलोमीटर, आणि समृद्धी महामार्ग नागपूर सोडला की वर्धा जिल्ह्यातूनच जातो. पुण्याच्या बहिणीला भेट म्हणून बाटली गाडीत टाकून निघालात, तर ती वाटेत दारूबंदीच्या हद्दीतून जाणार. माझा सल्ला सरळ आहे: नेऊ नका. भेट द्यायचीच असेल तर पुण्यात पोहोचून तिथे घ्या.

३. बाटली घेण्याआधी एक पेग घ्या

अख्खा खंबा घेण्याआधी एखाद्या चांगल्या हॉटेलच्या बारमध्ये ३० मिलीचा एक पेग मागवा. बर्फ नको, सोडा नको, छोट्या ग्लासात द्या, असं स्पष्ट सांगा. नाही सांगितलं तर बर्फ येतोच. आवडली तर बाटली घ्या. ५० मिलीची छोटी बाटली कुठे दिसली तर तीही चांगली सुरुवात.

बिअर शॉपीत हे मिळणार नाही. तिथे बिअर आणि वाइनच विकता येते. वाइन शॉपमध्ये जावं लागेल, आणि तेही आयात माल ठेवणाऱ्या मोठ्या दुकानात. आधी फोन करून विचारा, नाहीतर सीताबर्डी ते सदर फेऱ्या होतात. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि निवडणुकीच्या आसपास ड्राय डे असतो, हेही बघा.

दुकानात काउंटरवरच बाटली फिरवून पाहा: झाकणाचं सील अखंड, आयातदाराचं नाव-पत्ता असलेलं लेबल, एमआरपी, अल्कोहोलचं प्रमाण, आरोग्याचा इशारा. बिल मागा आणि जपून ठेवा.

सापळा: "ड्युटी फ्रीची आहे, अर्ध्या भावात देतो." हे मी अनुभवलं आहे. ओळखीच्या ओळखीतून एकाने बाटली दिली. फीत खरी, बाटली खरी. आतला माल साखर घातलेली स्वस्त ब्रँडी आणि संत्र्याचा इसेन्स. झाकणाच्या कडेला बारीक ओरखडे होते, ते मी घरी आल्यावर पाहिले. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, पण ते स्वतःसाठी. ते विकणं बेकायदा आहे. त्याहून मोठी भीती अशी की भरलेल्या बाटलीत नेमकं काय आहे ते कोणालाच माहीत नसतं. नकली दारूत मिथेनॉल निघतं, आणि त्याने डोळे आणि जीव दोन्ही जातात. स्वस्तात मिळाली म्हणून घेऊ नका.

४. दिवस, वेळ आणि खोली निवडा

नागपुरात याचा सर्वांत चांगला मोसम म्हणजे डिसेंबर आणि जानेवारी. संध्याकाळी गारवा, आणि बाजारात आंबिया बहाराची संत्री. कॉटन मार्केटमधून किंवा रस्त्यावरच्या हातगाडीवरून घेतलेलं ताजं संत्रं जवळ असलं की पुढची सहावी पायरी सोपी जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची फळं येतात, तेव्हाही चालेल.

बाटलीबद्दलच्या लेखांत 'खोलीच्या तापमानाला' द्या असं लिहिलेलं असतं. ती खोली फ्रान्समधली, अठरा-वीस अंशांची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना खोलीचं तापमान हे माप कामाचं नाही. गरम लिक्युअरमधून आधी अल्कोहोलच उसळून वर येतं, नाकाला झणका बसतो आणि संत्रं मागे राहतं. उन्हाळ्यात बाटली वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही. फार थंड झाली तर वास मिटतो आणि फक्त गोडी उरते.

कूलरचं काय? बाहेरच्या कोणी याचा विचार केला नसेल, पण आपल्याला करावा लागतो. ओल्या वाळ्याचा वास मला जीव की प्राण आहे. तोच वास खोलीत भरलेला असताना संत्र्याच्या सालीचा नाजूक वास कळत नाही. कूलर पाऊण तास बंद ठेवा किंवा दुसऱ्या खोलीत बसा. उदबत्ती, डास पळवणारी वडी, अत्तर आणि नुकतीच दिलेली फोडणी, हेही नको.

जेवणाशी वेळ कशी जुळवायची? सावजीनंतर लगेच नको. तो रस्सा जिभेला तासभर दुसरं काही कळू देत नाही, आणि आम्ही पहिल्या रात्री केलेली मोठी चूक हीच. साधं वरण-भाताचं जेवण झाल्यावर तासाभराने बसा. उपाशीपोटी तर मुळीच नको.

५. ग्लास

स्टील नको. त्यात रंग दिसत नाही आणि धातूचा वास मध्ये येतो. रुंद तोंडाचा व्हिस्कीचा ग्लासही नको, वास इकडेतिकडे पसरतो. खाली पोट आणि वर निमुळतं तोंड असा छोटा ग्लास हवा. नसेल तर टपरीवरच्या चहाचा छोटा काचेचा ग्लास स्वच्छ धुऊन घ्या. माझा पहिला चांगला अनुभव त्याच ग्लासातला आहे. धुताना लिंबाच्या वासाचा साबण वापरू नका. तो वास काचेला चिकटून राहतो आणि तुम्हाला लिक्युअरमध्ये खोटंच लिंबू सापडतं.

माप ३० मिली. ओता आणि पाच मिनिटं तसंच राहू द्या.

६. नाक तयार करा

आता मुख्य काम. इथे घाई केली तर बाकीच्या सगळ्या पायऱ्या फुकट.

ग्लास बाजूला ठेवा. नागपुरी संत्र्याची साल सोला आणि नाकापासून वीतभर अंतरावर मुडपा. गोड, मोकळा, थोडा फुलांकडे झुकणारा वास येईल. तो तुमचा ओळखीचा वास, त्याला नाव देण्याची गरज नाही. आता मोसंबीची साल मुडपा. ती सपाट आणि हिरवट वाटेल. दोन्हींतला फरक नाकाला कळला की थांबा. हाताच्या पाठीचा वास घ्या, त्याने नाक पूर्वपदावर येतं. मग संत्र्याच्या सालीचा आतला पांढरा भाग नखाने खरवडून जिभेला लावा. कडू. हा कडवटपणा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. शेवटी दालचिनीचा तुकडा मोडून हुंगा.

आता ग्लास. व्हिस्कीच्या जाहिरातीतल्यासारखा गरगर फिरवू नका. एकदा हलकेच तिरका करून सरळ करा. काचेवर जाड थेंब सावकाश उतरतील, ते साखरेमुळे आणि अल्कोहोलमुळे. त्यावरून दर्जा ठरत नाही, कोणी तसं सांगितलं तरी. रंग पाहा: मधासारखा, किंचित तांबूस.

ग्लास हनुवटीपाशी आणा. नाक आत खुपसू नका. ४० टक्के अल्कोहोल आहे, एका श्वासात नाक बधिर होईल. तोंड थोडं उघडं ठेवून हनुवटीच्या पातळीवरून हळू श्वास घ्या. मग ओठांपाशी, मग काचेच्या कडेपाशी. प्रत्येक ठिकाणी वेगळं काही मिळतं. लांबून आधी साल येते. ती आपल्या संत्र्याइतकी मोकळी नाही, जरा गडद, वाळवलेली, किंचित मार्मलेडसारखी. जवळ गेलं की व्हॅनिला, लाकूड, जर्दाळू. दालचिनी हुंगली होती त्याचा उपयोग इथे होतो, कारण लाकडातून येणारा तो गरम मसाल्याचा भास ओळखता येतो.

एक गोष्ट मला तिसऱ्या-चौथ्या वेळी सापडली. कधी कधी अगदी मागे फुलांचा वास येतो. जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार फुलतो तेव्हा काटोलच्या रस्त्यावर गाडीच्या काचा खाली केल्या की येतो तसा. कडू संत्र्याच्या फुलांपासून अत्तराच्या धंद्यातलं नेरोली नावाचं तेल काढतात, पानांपासून वेगळं तेल, सालीपासून वेगळं. एकाच झाडाचे तीन वास. सालीत फुलाची आठवण असावी, याचं मला आता आश्चर्य वाटत नाही. तुम्हाला तो पहिल्या दिवशी नाही आला तर वाईट वाटून घेऊ नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.

७. घोट

पहिला घोट अर्ध्या चहाच्या चमच्याएवढा. तो फक्त जिभेला सवय लावण्यासाठी, त्यावरून मत बनवू नका. तोंडात फिरवा आणि गिळा. थोडी आग होईल.

मिनिटभराने दुसरा घोट. हा तोंडात आठ-दहा सेकंद ठेवा. आधी गोड, जिभेच्या टोकावर. मग संत्रं पसरतं. मग कोन्याकची ऊब येते, छातीपर्यंत जाणारी. आणि गिळल्यावर जिभेच्या मागे तो कडवटपणा, सालीच्या आतल्या भागासारखा पण सौम्य. गोड आणि कडू यांचा तोल साधला आहे की नाही, ते इथे कळतं. नकली बाटलीत हा कडवटपणा नव्हता. नुसती गोडी होती आणि नंतर रिकामं तोंड.

गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. सालीचा वास परत येतो. तो किती वेळ टिकतो ते मोजा. माझ्या अनुभवात चांगल्या लिक्युअरचा वास मिनिटभर तरी सोबत राहतो. ३० मिलीला अर्धा तास लागला पाहिजे. पाच मिनिटांत संपवली तर पैसेही गेले आणि चवही.

प्रमाणाबद्दल स्पष्ट सांगतो, कारण गोड असल्यामुळे हे फसवतं. ३० मिलीमध्ये साधारण साडेनऊ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, व्हिस्कीच्या छोट्या पेगइतकंच. शिवाय युरोपच्या नियमानुसार लिक्युअरमध्ये लिटरला किमान १०० ग्रॅम साखर लागते, म्हणजे एका छोट्या पेगात किमान तीन ग्रॅम. बहुतेक संत्रा लिक्युअरमध्ये याहून बरीच जास्त असते. मधुमेह असेल, यकृताचा त्रास असेल, गरोदरपण असेल किंवा औषधं चालू असतील, तर हा प्रयोग करू नका. बाकीच्यांनी एका संध्याकाळी एक, फार तर दोन छोटे पेग. आणि गाडीला हात नाही. कायद्याने १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर गुन्हा आहे.

८. पाणी आणि बर्फ

अर्धा पेग नुसता चाखून झाल्यावर उरलेल्यात चमचाभर नव्हे, चार-पाच थेंब साधं पाणी घाला. अल्कोहोलची धार कमी होते आणि वास पुन्हा उघडतो. मला ही पायरी सर्वांत जास्त आवडते.

बर्फ हवाच असेल तर एक मोठा खडा, बारीक चुरा नको. मोठा खडा हळू वितळतो. काही संत्रा लिक्युअर, विशेषतः क्वांत्रो, बर्फावर ओतली की दुधाळ होतात. घाबरू नका, सालीचं तेल थंडीने आणि पाण्याने बाहेर पडलेलं असतं. तेल भरपूर असल्याची ती खूण आहे.

सोडा घालायचा असेल तर उंच ग्लास, भरपूर बर्फ आणि लिंबाची फोड. ते उन्हाळ्यातलं चांगलं पेय होतं, पण त्याला चाखणं म्हणता येणार नाही. कॉकटेलची आवड असेल तर 'साइडकार'पासून सुरुवात करा: कोन्याक, संत्रा लिक्युअर आणि लिंबाचा रस. मात्र ते या पहिल्या चार-पाच बैठकींनंतर.

९. सोबत काय खायचं

चखणा म्हणून तिखट शेव, मसाला शेंगदाणे किंवा कांदा-टोमॅटो लावलेले पापड ठेवू नका. या पेयाला ते पेलत नाहीत.

संत्रा बर्फी सगळ्यांना आधी सुचते. मीही केली. नाव एकच असल्याने जोडी जमेल असं वाटतं, पण गोडावर गोड होतं आणि बर्फीच चव मारून नेते. संत्रा बर्फी चहासोबतच बरी. त्याऐवजी अक्रोड घ्या, त्याचा तुरटपणा गोडीला आवर घालतो. कडवट काळं चॉकलेटही छान.

आणि आपल्याकडचं उत्तम म्हणजे गुळाची पोळी. संक्रांतीची, तूप न लावलेली, कोरडी आणि खुसखुशीत. गूळ आणि तीळ कोन्याकच्या लाकडी चवीला उचलून धरतात. एक लहान तुकडा, मग घोट. मोसम जुळतो, संत्रं जुळतं. दिवाळीच्या दिवसांत अनारसाही चालतो, त्यावरची खसखस चांगली लागते.

स्वयंपाकात वापरायचं असेल तर फ्रेंच लोक पातळ क्रेपवर लोणी, साखर आणि संत्र्याच्या रसासोबत हे लिक्युअर घालून पेटवतात. आपलं मैद्याचं गोड धिरडं त्यासाठी अगदी योग्य. पण पेटत्या गॅसवर बाटलीतून कधीही ओतू नका. ज्वाळा धारेवरून बाटलीत शिरते. आधी गॅस बंद करा, पळीत मोजून घ्या, मग तव्यात घाला. पेटवलं नाही तरी चव येते, आणि घरात लहान मुलं असतील तर पेटवूच नका. थोडा अल्कोहोल शिजल्यावरही उरतो, म्हणून हा पदार्थ मुलांना द्यायचा नाही.

१०. बाटली ठेवायची कुठे

७०० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे २३ पेग होतात. आठवड्याला एक घेतला तरी पाच-सहा महिने. तेवढे दिवस ती नीट राहिली पाहिजे, आणि त्यात नागपूरचा उन्हाळा येणारच.

उभी ठेवा, आडवी नाही. वाइनची रीत इथे लागू नाही. आडवी ठेवली तर तीव्र अल्कोहोल बुचाला खातं. ऊन, गॅस, इन्व्हर्टर आणि पश्चिमेची भिंत यांपासून लांब, घरातल्या सर्वांत थंड अंधाऱ्या कपाटात, खालच्या कप्प्यात. गरम हवा वर चढते, म्हणून माळा वाईट. एप्रिल ते जून मी बाटली फ्रिजच्या दारात ठेवतो आणि घेण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढतो. दर वेळी झाकण लावण्याआधी बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर साखर सुकून झाकण चिकटतं. उघडलेली बाटली वर्षभरात संपवा. निम्म्याखाली गेली की हवा जास्त आणि वास आधी जातो. अशा वेळी उरलेलं लहान स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा आणि वर चिठ्ठी चिकटवा. घरात कोणी सरबत समजून पिऊ नये, आणि मुलांच्या हाताला लागू नये.

बाटली संपली की ती फार देखणी दिसते, फेकवत नाही. ठेवायची असेल तर मनीप्लँट लावा. कबाडीवाल्याला देणार असाल तर आधी लेबल फाडा, लाल फीत कापा आणि झाकण वेगळं करून मोडून टाका. मला मिळाली होती ती नकली माल भरलेली बाटलीही कुणाच्या तरी घरून अशीच, फितीसकट बाहेर पडलेली होती.